बिघडलेला घ्या, अपुरा नको: जुने हॅम संच निवडणं आणि पुन्हा बोलते करणं

जुना हॅम रिसीव्हर, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा ऐकायचा संच, समोर आला की बहुतेक जण आधी विचारतात, ‘चालू आहे का?’ मी ते विचारत नाही. विकणारा ‘चालू आहे’ म्हणतो, तेव्हा डायलचा दिवा लागतो आणि स्पीकर घुमतो एवढीच खात्री असते. ‘बंद आहे’ म्हणतो, तेव्हा कधी कधी नुसता फ्यूज उडालेला असतो. मी विचारते, ‘यातलं काय काय हरवलंय?’

बिघाड काढता येतो, उणीव भरून काढता येत नाही. रेझिस्टर आणि कपॅसिटर आजही नवे मिळतात, बहुतेक व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या निर्वात काचेच्या नळ्या, शोधले तर मिळतात. पण नॅशनल कंपनीच्या १९३५ च्या एचआरओ रिसीव्हरला प्रत्येक बँडसाठी (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यासाठी) चार कॉइलचा एक वेगळा खण असतो, तो समोरून आत सरकवायचा. पॉवर सप्लायही वेगळ्या पेटीत. एचआरओ एकाच खणानिशी आणि सप्लायशिवाय मिळाला, तर बाकीचं जमवण्यात वर्षं जातात, आणि शेवटी दुसरा एचआरओच घ्यावा लागतो. तीच गोष्ट कॉलिन्स कंपनीच्या मेकॅनिकल फिल्टरची (हवा तेवढाच सिग्नल पुढे सोडणारा भाग), डायलच्या छापील काचेची, बँडस्विचच्या तुटलेल्या वेफरची (संपर्क बसवलेली चकती) आणि जळलेल्या पॉवर ट्रान्सफॉर्मरची. ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेता येतो, पण त्याच मापाचा, त्याच टोपणाचा आणि त्याच टॅपिंगचा मिळणं दुर्मिळ.

पहिला संच

पहिला संच म्हणून मी रिसीव्हरच सुचवते. ट्रान्समीटरमध्ये व्होल्टेज जीवघेणं, तो हवेवर आणायला परवाना लागतो, आणि तुमची चूक सगळ्या बँडला ऐकू जाते. रिसीव्हर तुमची चूक तुमच्यापाशीच ठेवतो.

त्यातही पॉवर ट्रान्सफॉर्मर असलेला घ्या. हॅलिक्राफ्टर्सचा एस-३८ हा १९४६ चा संच दिसायला देखणा आहे, त्याचं रूप रेमंड लोवीने ठरवलं होतं, आणि सहज सापडतो म्हणून नवख्यांच्या गळ्यात हाच पडतो. पण त्यात पॉवर ट्रान्सफॉर्मर नाही. सगळ्या व्हॉल्व्हचे हीटर एकापाठोपाठ एक जोडून थेट मेन्सवर टाकलेले असतात. अशा संचांत चासीचा, म्हणजे धातूच्या सांगाड्याचा, आणि मेन्सचा संबंध थेट असतो, किंवा एखाद्या म्हाताऱ्या कपॅसिटरमधून असतो. संच मेन्सपासून वेगळा ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर त्यांना हातही लावू नका. आणि तीन पिनांची वायर घालून चासी अर्थ करावी हा चांगुलपणा इथे अजिबात करू नका. फेज थेट अर्थला जाईल.

दुसरं टोक म्हणजे आर-३९०ए. लष्करासाठी बनलेला, पस्तीस किलोच्या वर वजन, आत गिअर आणि कॅम यांची दाटी. ऐकायला त्याच्या तोडीचे फार थोडे. पण पहिला संच म्हणून नको. त्यातले गिअर आणि कॅम एकमेकांशी अचूक जुळवून बसवणं हीच एक वेगळी विद्या आहे.

मधल्या पट्ट्यात निवड भरपूर आहे. ड्रेकचा २-बी (१९६१) हा माझा लाडका. छोटा, हलका, आणि ५० किलोहर्ट्झच्या शेवटच्या आयएफवर (सिग्नल उतरवून आणतात ती मधली फ्रिक्वेन्सी) पासबँड, म्हणजे ऐकू येणारा पट्टा, सरकवण्याची सोय असलेला. १९५० च्या दशकातले हॅमरलुंड आणि नॅशनलचे रिसीव्हर वजनदार, पण आत हात घालायला जागा देतात. हीथकिटबद्दल मात्र एक ध्यानात ठेवा: ते संच कारखान्यात नव्हे, घरोघरी जोडले गेले. एकाच मॉडेलचे दोन संच आतून दोन वेगळ्या हातांचे असतात. मी हीथकिट बघते तेव्हा आधी डाख बघते. राखी, दाणेदार, गोळा झालेला डाख दिसला की समजायचं, अख्खा संच पुन्हा डाखायची तयारी ठेवा. सोबत मूळ जोडणी पुस्तिका असेल आणि तिच्या चौकटींत पेन्सिलच्या खुणा असतील तर ती सोडू नका. कुठली पायरी कुणी खोडून पुन्हा केली, ते तिथेच सापडतं.

१९७० च्या दशकातले याएसूचे एफटी-१०१ आणि केनवूडचे टीएस-५२० या ऐकणं-बोलणं दोन्ही करणाऱ्या संचांत बहुतेक सर्किट ट्रान्झिस्टरचं आणि फक्त ड्रायव्हर व फायनल (प्रक्षेपणाचे शेवटचे दोन टप्पे) व्हॉल्व्हचे. रोज वापरायला हे सोयीचे. घेताना फायनल कुठले ते बघा. एफटी-१०१ मध्ये ६जेएस६सी लागतात, ते मूळचे टीव्हीच्या स्वीप (पडद्यावर किरण फिरवणाऱ्या) सर्किटसाठी बनलेले व्हॉल्व्ह. टीव्हीतून व्हॉल्व्ह गेले आणि त्यांचा ओघ आटला. टीएस-५२० मधले ६१४६ च्या कुळातले आहेत. ते मिळवणं त्या मानाने सोपं.

झाकण काढल्यावर

शक्य असेल तर झाकण काढून बघितल्याशिवाय संच घेऊ नये. आधी नाक वापरा. जुन्या संचाला धुळीचा, मेणाचा, बेकलाइटचा वास असतो, तो चालेल. गोडसर जळकट वार्निशचा वास ट्रान्सफॉर्मरमधून येत असेल आणि खाली काळा डांबरासारखा ओघळ असेल, तर संच जिथल्या तिथे ठेवा.

मीटर जवळ असेल तर प्लग न लावता प्रायमरी मोजा. काही ओहम यायला हवेत. हाय व्होल्टेज सेकंडरीच्या दोन्ही टोकांपासून मधल्या टॅपपर्यंतचे आकडे जवळजवळ सारखे असावेत. तंतोतंत सारखे नसतात, कारण बाहेरच्या थरातल्या वेढ्याला तार जास्त लागते. एक बाजू दुसरीच्या निम्मी निघाली तर आत वेढे शॉर्ट आहेत.

मग बँडस्विच फिरवा. प्रत्येक जागी स्पष्ट टक् व्हायला हवं. ट्यूनिंग कपॅसिटरच्या पाकळ्या घासत नाहीत ना, डायलची दोरी शाबूत आहे ना, तेही बघा. दोरी तुटली असेल तर घाबरू नका, ती नवी ओवता येते.

सगळ्यात कसून बघायचं ते मागच्या मालकांचं कसब. समोरच्या पट्टीवर मुळात नसलेलं भोक, एखादा जास्तीचा स्विच, मूळ जॅकच्या जागी दुसराच सॉकेट. त्या काळात हे सर्रास चालायचं, मासिकांत सुधारणांचे आराखडे छापून यायचे आणि लोक ते हौसेने करायचे. काही सुधारणा खरोखर चांगल्या असतात. पण सर्किटच्या नकाशात नसलेली प्रत्येक तार तुमचे दोन-चार दिवस खाते, आणि पट्टीतलं भोक कुणालाच बुजवता येत नाही. मी एकदा घेतलेल्या एका रिसीव्हरच्या पोटात कुणीतरी बसवलेला अख्खा जास्तीचा ऑडिओ टप्पा निघाला, त्याचं आउटपुट कुठेच जोडलेलं नव्हतं. काढून टाकल्यावर संच आपसूक शांत झाला.

लष्करी उरलासुरला माल घेणाऱ्यांनी आणखी दोन-तीन गोष्टी बघाव्यात. अंधारात चमकणाऱ्या आकड्यांच्या डायलवर रेडियम असू शकतं. ते खरवडू नका, पॉलिश करू नका. ८६६ए सारख्या रेक्टिफायरमध्ये (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) पारा असतो. मोठ्या तेलभरल्या कपॅसिटरमध्ये पीसीबी हे विषारी रसायन असण्याची शक्यता धरून चाला; अमेरिकेत त्याच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली, म्हणजे आपल्या कामाचे जवळजवळ सगळे संच त्याच्या आधीचे. असा कपॅसिटर ओलसर दिसला तर हातमोजे घाला आणि तो घरच्या कचऱ्यात टाकू नका. काही सिरॅमिक पॉवर व्हॉल्व्हमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं. ते अख्खं असेपर्यंत निरुपद्रवी; फोडायचं, घासायचं नाही.

प्लग लावण्याआधी

संच घरी आला की लगेच लावून बघायची हुक्की येते. ती दाबा. वीस-तीस वर्षं पडून असलेल्या संचात पहिल्या दहा सेकंदांत जितकं नुकसान होतं तितकं त्या वीस वर्षांत झालेलं नसतं.

फोटो काढा. वरून, खालून, चारही बाजूंनी, आणि प्रत्येक व्हॉल्व्ह कुठल्या सॉकेटमध्ये होता त्याचा एक. मॅन्युअल मिळवा, बहुतेक प्रसिद्ध संचांची मॅन्युअल हौशी लोकांनी स्कॅन करून ठेवली आहेत. नकाशाची मोठी छापील प्रत काढून मी तिच्यावर लाल पेनाने लिहीत जाते: कुठला भाग बदलला, आधी किती भरला, कुठल्या पिनवर किती व्होल्ट. ही प्रत नंतर संचाच्या आतच, झाकणाला चिकटवलेल्या पाकिटात राहते. पुढच्या मालकाला आपल्या कसबाचा त्रास नको.

मेन्सची वायर जवळजवळ नक्की बदलावी लागते. रबर तडकलेलं असतं. ट्रान्सफॉर्मर असलेल्या संचात तीन तारांची वायर घाला, हिरवी थेट चासीला, फ्यूज आणि स्विच फेजवर. मेन्सपासून चासीला जोडलेले जुने कपॅसिटर तिथून काढा. तिथे काही बसवायचंच असेल तर वाय दर्जाचे सुरक्षा कपॅसिटर, आणि दोन तारांमध्ये एक्स दर्जाचा. साधा फिल्म कपॅसिटर तिथे चालत नाही. त्याचं व्होल्टेज कितीही लिहिलेलं असो, तो शॉर्ट होऊन मरू शकतो आणि मग चासीवर मेन्स.

मेन्सचं व्होल्टेजही तपासा. अमेरिकी संच ११० ते ११७ व्होल्टसाठी बांधलेले. २३० च्या देशात स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. फक्त ६० हर्ट्झ लिहिलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो, म्हणून तिथे व्होल्टेज थोडं कमीच ठेवा. ब्रिटिश एडिस्टोनसारख्या संचांना मागे टॅप बदलण्याची सोय असते. ती कुठल्या आकड्यावर आहे ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता माझं सगळ्यात आवडतं अवजार: साधा फिलामेंटचा बल्ब. संचाच्या फेजमध्ये एक बल्ब सिरीजमध्ये घालायचा, रिसीव्हरसाठी ६० ते १०० वॅटचा. एलईडीचा चालणार नाही. संच लावला की बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लखलखीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि सगळा करंट बल्बने आपल्या अंगावर घेतलाय. व्हेरिअ‍ॅकने (व्होल्टेज बदलता येणारा ट्रान्सफॉर्मर) हळूहळू व्होल्टेज वाढवावं असं खूप जण सांगतात. मला ते एकट्याने पुरेसं वाटत नाही. एक तर शॉर्ट असेल तर व्हेरिअ‍ॅक करंट अडवत नाही. दुसरं, रेक्टिफायर व्हॉल्व्हचा असेल तर हीटर पुरेसा तापेपर्यंत तो काहीच पुढे पाठवत नाही. तुम्ही आरामात नॉब फिरवत बसता आणि कपॅसिटरला शून्य व्होल्ट मिळत असतात.

हात आत घालण्याआधी प्लग काढा, मग फिल्टर कपॅसिटर रिकामे करा: १० किलोओहमचा, पाच-दहा वॅटचा रेझिस्टर लांब इन्सुलेटेड दांड्यावर बांधून. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करू नका. नंतर मीटरने शून्य बघा. कपॅसिटर आपोआप रिकामे करणारा ब्लीडर रेझिस्टर आहे म्हणून विसंबू नका, तोच आतून तुटलेला असू शकतो. आणि चालू संचात मोजताना एक हात खिशात.

कपॅसिटर

जुन्या संचांच्या बिघाडात सगळ्यात मोठा वाटा यांचाच, आणि इथेच लोक दोन टोकांना जातात. एक गट सगळंच बदलतो, दुसरा काहीच नाही. मी जात बघून ठरवते.

मेण लावलेले कागदी कपॅसिटर: सगळे बदला, न मोजता. काळ्या प्लास्टिकमध्ये रंगीत पट्टे असलेले, स्प्रेगचे ‘ब्लॅक ब्यूटी’ म्हणून ओळखले जाणारे: तेही. दिसायला ते नव्यासारखे असतात, म्हणूनच फसवतात. मायकामोल्ड नावाचे चपटे तपकिरी तुकडे अभ्रकाचे वाटतात, पण कित्येकांच्या आत कागद असतो. खरे सिल्व्हर मायका आणि सिरॅमिक चकत्या मात्र सहसा उत्तम असतात, त्यांना हात लावू नका. अपवाद आयएफ ट्रान्सफॉर्मरच्या डब्याच्या तळात बसवलेल्या अभ्रकाच्या पट्ट्यांचा. त्यावरची चांदी सरकते आणि स्पीकरमध्ये वीज कडाडल्यासारखा खरखराट येतो. अँटेना काढूनही तो थांबला नाही तर संशय तिथे.

बदलताना ०.०५ च्या जागी ०.०४७, ०.०२ च्या जागी ०.०२२ मायक्रोफॅरड चालतात. फिल्म कपॅसिटर ६३० व्होल्टचे घ्या आणि प्रश्न मिटवा. एका वेळी एकच बदला. पाच काढून पाच लावायला घेतले की सहावी तार सापडत नाही. तीन-चार झाले की बल्बवर लावून बघा. संच आधीपेक्षा बिघडला तर दोषी त्या तीन-चारांतच असतो.

सगळ्यात धोकादायक एक वेगळा सांगते: ऑडिओच्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (आतली करंट आवरणारी जाळी) जोडलेला. आधीच्या टप्प्याच्या प्लेटवर शंभरावर व्होल्ट डीसी असतो, आणि तो ग्रिडपर्यंत जाऊ नये एवढंच या कपॅसिटरचं काम. तो गळका झाला की ६व्ही६ किंवा ६एक्यू५ च्या ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं, व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढतो, प्लेट लाल होते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. तपासणी सोपी. ट्रान्सफॉर्मरच्या संचात आउटपुट व्हॉल्व्ह उपसून ठेवा, संच लावा, सॉकेटच्या ग्रिड पिनवर चासीच्या तुलनेत डीसी मोजा. पॉझिटिव्ह व्होल्टेज स्थिर दिसलं तर कपॅसिटर गेला. आर-३९०ए वाल्यांना सी ५५३ हा क्रमांक तोंडपाठ असतो, त्याचं कारण याच जातीचं: तो गळला तर बी-प्लस (संचाचं मुख्य हाय व्होल्टेज) थेट मेकॅनिकल फिल्टरवर जातो. तो फिल्टर परत मिळवणं किती अवघड ते वर सांगितलंच आहे.

इलेक्ट्रोलिटिक फिल्टर कपॅसिटरचं वय झालेलं असतं, बदला. ८ च्या जागी १०, २० च्या जागी २२, ४० च्या जागी ४७ मायक्रोफॅरड, आणि व्होल्टेज मूळ आकड्याइतकं किंवा जास्त. गुणगुण आणखी कमी होईल म्हणून २२ च्या जागी १०० घालू नका. रेक्टिफायर व्हॉल्व्हनंतरच्या पहिल्या कपॅसिटरला मर्यादा असते, ५वाय३ सारख्याला ती वीस मायक्रोफॅरडच्या आसपास आहे. ती ओलांडली तर लावताक्षणीचा करंट व्हॉल्व्हला सोसत नाही. मूळ अ‍ॅल्युमिनियमचा डबा चासीवर तसाच ठेवून नवे कपॅसिटर खाली टॅगस्ट्रिपवर बसवणं मला पसंत आहे. डबा कापून आत नवे भरणारेही आहेत. सुबक दिसतं, पण काम चिकट. जुन्या डब्याच्या जोडण्या मात्र सोडवा. मेलेला कपॅसिटर समांतर ठेवू नका.

सेलेनियम रेक्टिफायर दिसला, म्हणजे चौकोनी पत्र्यांची उतरंड, तर तो सिलिकॉन डायोडने बदला. जळला की त्याचा धूर विषारी आणि वास दिवसेंदिवस जात नाही. १एन४००७ चालतो, पण त्याच्यावर व्होल्टेज जवळजवळ पडतच नाही, म्हणून बी-प्लस वाढतो. सिरीजमध्ये रेझिस्टर घालून मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा.

रेझिस्टरबद्दल थोडक्यात: कार्बनचे जुने रेझिस्टर वाढत जातात. लिहिलेल्या किमतीपेक्षा वीस टक्क्यांहून जास्त भरला तर बदला, नाहीतर राहू द्या.

व्हॉल्व्ह आणि सफाई

सगळे व्हॉल्व्ह नवे घालायचा मोह टाळा. व्हॉल्व्ह बहुधा निर्दोष असतात. काचेच्या आतला चंदेरी डाग चंदेरी आहे तोवर निर्वात शाबूत. तो दुधाळ पांढरा झाला तर आत हवा शिरली. हीटर मीटरने तपासा. पिना आणि सॉकेट साफ केले की अर्धे ‘मेलेले’ व्हॉल्व्ह जिवंत होतात. काचेवरची छपाई बोटाने पुसली जाते, तेव्हा काच धुऊ नका.

बँडस्विचवर क्लीनरची धार सोडू नये. वेफरचं फिनॉलिक द्रव शोषतं आणि गळती सुरू होते. डीऑक्सिट या संपर्क साफ करायच्या द्रवाचा एक थेंब कापसाच्या काडीवर घेऊन संपर्कांवर फिरवा, मग स्विच पाच-पंचवीसदा इकडून तिकडे. डब्ल्यूडी-४० चा डबा टेबलावरून उचलून दुसऱ्या खोलीत ठेवा. ट्यूनिंग जड असेल तर बहुतेक वेळा जुनं ग्रीस डिंकासारखं झालेलं असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते काढून नवं अगदी थोडं घाला.

डायलच्या काचेवरचे आकडे ही सगळ्यात नाजूक जागा. कित्येक संचांत छपाई काचेच्या आतल्या बाजूला असते आणि ओल्या फडक्याने उतरते. अमोनियाचा क्लीनर तर नकोच. मी आतली बाजू फक्त मऊ कोरड्या ब्रशने झाडते, बाहेरची हवी तशी पुसते. सुरकुत्या पडलेल्या काळ्या रंगाच्या पेट्यांना साबणाचं पाणी आणि मऊ दाढीचा ब्रश पुरतो. पुन्हा रंगवू नका. मूळ रंगावरचे ओरखडे मला नव्या रंगापेक्षा बरे वाटतात, पण हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग.

अलाइनमेंट

संचातली ट्यून होणारी सर्किटं एकमेकांशी जुळवणं हे शेवटचं काम, आणि बहुतेक लोक ते पहिलं करतात. आवाज कमी आला की स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आयएफचे डबे फिरवायचे. कपॅसिटर गळके, रेझिस्टर वाढलेले आणि व्होल्टेज चुकलेलं असताना केलेली अलाइनमेंट त्या बिघाडाशी जुळवलेली असते. आधी सगळी व्होल्टेज तक्त्याप्रमाणे आणा, संच अर्धा तास तापू द्या, मग हात लावा.

धातूचं अवजार वापरू नका, त्याने ट्यूनिंग सरकतं. कॉइलचा गाभा अडकला असेल तर जोर लावू नका. फेराइट तडकला की तो डबा गेला. प्रत्येक गाभ्याची सुरुवातीची जागा लिहून ठेवा. बहुतेक वेळा अर्ध्या फेऱ्यात शिखर सापडतं. एका फेऱ्याहून जास्त फिरवावं लागलं तर थांबा, तिथे दुसरा काही बिघाड आहे.

सिग्नल जनरेटरचं आउटपुट इतकं कमी ठेवा की एव्हीसी (आवाज आपोआप सारखा ठेवणारं सर्किट) जागा होणार नाही, किंवा एव्हीसीच्या ओळीवर मीटर लावून त्याचाच आकडा वाढवा. आयएफ बहुधा ४५५ किलोहर्ट्झ, पण संचात क्रिस्टल फिल्टर असेल तर क्रिस्टल ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो तीच खरी, जनरेटरच्या डायलवरची नव्हे. मग ऑसिलेटर: बँडच्या खालच्या टोकाला गाभा किंवा पॅडर, वरच्या टोकाला ट्रिमर (दोन्ही जुळवायचे छोटे कपॅसिटर). एक लावला की दुसरा हलतो, म्हणून आलटूनपालटून, दोन्ही जागेवर बसेपर्यंत. तपासायला डब्ल्यूडब्ल्यूव्ही या अमेरिकी वेळ-केंद्राची ५, १० किंवा १५ मेगाहर्ट्झची वेळ उत्तम. १०० किलोहर्ट्झचा कॅलिब्रेटर तिच्याशी शून्य-बीटवर, म्हणजे दोन्हींतली शीळ विरेपर्यंत, आणा. वरच्या बँडवर प्रतिमेवर ट्यून होण्याची भीती असते. ४५५ च्या दुपटीने, म्हणजे ९१० किलोहर्ट्झ बाजूला, तोच सिग्नल पुन्हा सापडतो. दोन्ही ऐका आणि मॅन्युअल सांगेल तो धरा.

एसएसबी (एकाच बाजूपट्टीवर पाठवलेलं बोलणं) ऐकायला घेतल्यावर ‘बदकं बोलतात’ अशी तक्रार येते. एसएसबीसाठीचा प्रॉडक्ट डिटेक्टर नसलेल्या जुन्या संचात युक्ती अशी: एव्हीसी बंद, बीएफओ (एसएसबी आणि मोर्ससाठीचा आतला ऑसिलेटर) चालू, ऑडिओ गेन जवळजवळ पूर्ण, आणि आवाज आरएफ गेनने कमी-जास्त करायचा. डिटेक्टरवर बीएफओच्या मानाने सिग्नल दुबळा हवा. यासाठी सर्किटमध्ये काही बदलायची गरज नाही.

ट्रान्समीटरकडे वळलात तर

परवाना आणि डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर), दोन्ही आधी. डमी लोडशिवाय फायनल चालवू नये. हाय व्होल्टेज लावण्याआधी फायनलच्या ग्रिडवर निगेटिव्ह बायस आहे ना ते मोजा. तो नसेल तर ६१४६ ची जोडी काही सेकंदांत लाल होते. व्हॉल्व्ह बदलले की न्यूट्रलायझेशन (फायनल स्वतःच ऑसिलेट होऊ नये म्हणूनची जुळवणी) पुन्हा करा, आणि ट्यूनिंग झटपट उरका, स्वीप व्हॉल्व्ह असतील तर दहा सेकंदांच्या आत. ८६६ए असतील तर फिलामेंट आधी तापू द्या, प्रवासानंतर नेहमीपेक्षा जास्त वेळ, कारण पारा आत सगळीकडे उडालेला असतो. काही जुन्या ट्रान्समीटरमध्ये कॅथोड कीइंग असतं, म्हणजे मोर्स की व्हॉल्व्हचा करंटच जोडते-तोडते. मोर्स कीच्या उघड्या टोकांवर तेव्हा चांगलंच व्होल्टेज असतं. मी तिथे रिले किंवा ट्रान्झिस्टर स्विच मध्ये घालते, बाहेरच्या बाजूला, संचात भोक न पाडता.

हवेवर पहिल्यांदा गेलात की रिपोर्ट मागा, पण ‘५९९’ (सगळं उत्तम) वर समाधान मानू नका. तो आकडा सौजन्याचा असतो. ओळखीच्या एखाद्या ऑपरेटरला सांगा, फक्त टोन ऐक आणि खरं सांग. त्याने शेवटी ‘सी’ जोडला, म्हणजे की दाबल्यावर फ्रिक्वेन्सी किंचित घसरतेय, तर ऑसिलेटरचा सप्लाय तपासा. बहुतेक संचांत तिथे ०ए२ सारखा १५० व्होल्टचा रेग्युलेटर व्हॉल्व्ह असतो. की दाबलेली असताना त्यातला जांभळट उजेड विझत असेल, तर त्याला करंट पुरवणारा रेझिस्टर मोजा. तो वाढलेला निघेल.